फडाची चौथी बाजू

रंभाबाईच्या मुलाला उसाच्या फडात जाळून मारलं, आणि ज्याने जाळलं त्यानेच पुढच्या वर्षापासून त्या मुलाच्या नावाने जत्रा भरवली. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकते. वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायची मला हौस नाही, आणि यात लपलेलं असं काही नव्हतंच. गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. रंभाबाईला अकरा वर्षं एकच गोष्ट हवी होती. आपला कडू कसा मेला ते लोकांसमोर, जसं घडलं तसं, बोललं जावं. आणि ते बोलणं नेमकं तिच्याच घशात अडकून बसलं होतं.

गाव मध्य प्रदेशात, तुकईथडच्या पुढे, महाराष्ट्राच्या हद्दीला चिकटलेलं. नाव लिहीत नाही. केस चालू आहे.

रंभाबाई बऱ्हाणपुरात माझ्या घरी सात वर्षं कामाला होती. ठेंगणी, मनगटं पुरुषासारखी, केळीचे घड वाहून वाहून उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली उतरलेला. भांडी घासायची ती त्यांच्याशी वैर असल्यासारखी. दूधवाल्याशी रोज भांडण, माझ्याशी दिवसाआड. "बाई, तुमी कालेजात इतिहास शिकवला, पन कढईचं बूड काय तुमाले दिसत नाय," असं मला तोंडावर म्हणायची. चार मुलं पाळण्यातच गेली, पाचवा राहावा म्हणून त्याचं नाव कडू ठेवलं. कडू म्हटल्यावर मरणाला चाखावासा वाटणार नाही, अशी त्या भागातली समजूत. तो राहिला चौतीस वर्षं.

जत्रेत एक सोळा पानी पुस्तिका विकतात, तिच्यात कडूची अधिकृत गोष्ट छापलेली आहे. ती अशी. शीतला सातमीच्या आदल्या दिवशी, छठीच्या दुपारी, फडाला आपोआप आग लागली. सरपंच वामनभाऊंची गाभण गाय आत अडकली. कडूने आगीत उडी घेतली, गाय बाहेर ढकलली आणि स्वतः जळून गेला. वामनभाऊ त्या वेळी शाहपूरच्या बाजारात होते. परत येऊन त्यांनी राखेत डोकं ठेवलं आणि शपथ घेतली की यापुढे छठीच्या दुपारपासून आठमीच्या सकाळपर्यंत गावात काडीसुद्धा पेटणार नाही.

सातमीला थंड जेवण आपल्याकडे सगळेच जेवतात. होळीनंतर सात दिवसांनी शीतलेला गार पाणी घालायचं, चूल पेटवायची नाही, आदल्या दिवशीच्या पुऱ्या, दहीभात, गुलगुले खायचे. या गावाने त्यावर कडूबाबाचा ओटा चढवला. फडाच्या जागी सिमेंटचा ओटा, मंडप, माइक, पंगती. असीरगढपासून माणसं यायला लागली. रंभाबाईला दर वर्षी मंचावर बसवून पहिलं ताट आणि हिरवं लुगडं द्यायचे. ती जायची. ताट घ्यायची. परत आल्यावर चार दिवस कोणाशी बोलायची नाही.

"कशाला जातेस मग?" मी एकदा चिडून विचारलं.

"नाय गेली तं वामन सांगंल."

"काय सांगेल?"

तिने कढई अशी आपटली की मी पुढे विचारलं नाही.

परवाच्या होळीनंतर तिसऱ्या दिवशी माझ्या भाच्याचा मुलगा गौरव जेवायला आला. हा चीनमध्ये सहा वर्षं डॉक्टरी शिकून आला आहे. इथली परीक्षा पास झाला आणि आता एका खाजगी दवाखान्यात असतो. निम्मं मराठी, निम्मं हिंदी बोलतो आणि दोन्ही घाईघाईत. मी त्याला गरम पोळी वाढत म्हणाले, "खाऊन घे पोटभर. सातमीला आलास तर शिळं मिळेल."

"आजी, ये बासी खाने का त्योहार तिकडे पण आहे."

"तिकडे कुठे?"

"चीनमध्ये. आमच्या कॉलेजपासून तीन तासांवर एक डोंगर आहे, तिथून सुरू झाला. सणाला हानशी म्हणतात. थंड खाणं. सच्ची! चूल बंद, थंड पेज, खजूर लावलेले कणकेचे पक्षी, हिरव्या पिठाचे लाडवासारखे गोळे. सगळं आदल्या दिवशी करून ठेवायचं. आणि तारीख पण जवळजवळ हीच, दोन-तीन आठवडे इकडे-तिकडे."

"देवी कोणती?"

"देवी नाही. एक माणूस जळाला होता."

रंभाबाई दाराशी लसूण सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

गौरवने पोळी तोडत तोडत सांगितलं. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक राजपुत्र. घरच्या भाऊबंदकीतून पळाला, एकोणीस वर्षं रानोमाळ भटकला. सोबत मोजके नोकर. त्यातला एक जिए झित्वी. एकदा उपासमारीने राजपुत्र मरायला टेकला, तेव्हा या जिएने स्वतःच्या मांडीचं मांस कापून त्याला रस्सा करून पाजला. पुढे राजपुत्र राजा झाला. ज्याला त्याला जहागिऱ्या वाटल्या, जिएला विसरला. जिए काही मागायला गेला नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन डोंगरावर निघून गेला. लोक बोलायला लागले तशी राजाला लाज वाटली. तो त्याला आणायला गेला, पण जंगल दाट, माणूस सापडेना. कोणीतरी सल्ला दिला, जंगल पेटवा, आईला वाचवायला तरी बाहेर येईल.

"पेटवलं?" मी विचारलं.

"हो ना. आला नाही. तीन दिवसांनी आग विझली तर दोघं एका झाडाला मिठी मारलेले, कोळसा होऊन. राजा रडला वगैरे. हुकूम काढला, या दिवसांत राज्यात कोणी आग पेटवायची नाही. झाला सण."

"किती बाजूंनी पेटवलं?" हे रंभाबाईने विचारलं.

गौरव दचकला. "अं? तीन बाजूंनी, मावशी."

"आन चौथी?"

"मोकळी ठेवली. बाहेर यायला."

"तिथं कोन उभं होतं?"

"राजाची माणसं असतील."

"हातात काय होतं त्यांच्या?"

गौरव हसला. "मावशी, ढाई हजार साल झाले. मला काय माहीत?"

"माय काय बोलली?"

"माय भी तो जल गई ना."

"मंग गोष्ट कोनी सांगतली?"

आता त्यालाही हसू येईना. "राजानेच सांगितली असेल, दुसरं कोण? आमचे सर तर म्हणायचे की जुन्या बखरींत आग नाहीच. तिथे फक्त तो लपला आणि मेला एवढंच आहे. आग मागून कोणीतरी घातली."

"हितं उलटं झालं. आग खरी, लावनारे मागून पुसले," रंभाबाई म्हणाली आणि लसणाची टरफलं पदरात घेऊन उठली.

गौरव गेल्यावर ती परत येऊन त्याच दाराशी बसली. भर दुपार होती, बाहेर पोरं ओरडत होती. तिने जे सांगितलं ते मी जमेल तेवढं तिच्याच क्रमाने लिहिते.

वामनचं त्याच्या चुलतभावांशी बांधावरून वैर होतं. एकदा त्यांनी त्याला मारायला घेतलं, तेव्हा तो सतरा दिवस रंभाबाईच्या झोपडीत लपला होता. कडू त्याचा सालदार, वर्षाच्या बोलीवर ठेवलेला गडी. कडू त्याला भाकरी पोचवायचा. चुलतभावांनी कडूला वाटेत धरलं, गोठ्यात नेलं आणि त्याचा उजवा हात कडबा कापायच्या कुट्टीत घातला. एकेका बोटाला विचारत होते, वामन कुठाय. तीन बोटं गेली. कडू बोलला नाही. बोटं जनावरांच्या कडब्यात पडली आणि चुलतभावांतल्या एकाने चाक फिरवत विचारलं, चौथं पण देतो का? तेव्हा शेजारचे धावले म्हणून हात राहिला.

नंतर वामन सरपंच झाला. बाकीच्यांना रेशनचं दुकान, पंचायतीची नोकरी, कोणाला काय कोणाला काय. कडूला काही नाही. तोही काही बोलला नाही, फक्त वामनकडे जायचं बंद केलं आणि मायसोबत केळी कापायला लागला. दोन बोटांनी विळा धरायचा. पुढे वामनचं चुलतभावांशी जमलं, एकमेकांत सोयरीक ठरली. अडचण एकच, बोटांची केस बऱ्हाणपूरच्या कोर्टात उभी होती आणि कडूची साक्ष लागली होती. सातमीनंतरच्या मंगळवारी.

वामन दारात आला. "कडू, झालं गेलं. बोटं काय आता परत येतेत?"

"नाय येत, भाऊ. म्हनून तं सांगनार हाय."

"माझ्या घरात लगीन हाय रे."

"तुमच्या घरात मी सतरा दिवस नव्हतो, भाऊ. तुमी माझ्या घरात होते."

छठीच्या दुपारी ते त्याला उचलायला आले. वामन, त्याचे चुलतभाऊ, एकूण बारा जण, एक जीप. कडू मागच्या दाराने निसटला आणि उसात शिरला.

आता या लोकांची एक रीत सांगायला हवी. उसात रानडुक्कर शिरलं की फडाला तीन बाजूंनी पाचट, म्हणजे उसाचा वाळका पाला, लावून आग देतात. चौथी बाजू मोकळी. तिथे लाठ्या, कुऱ्हाडी, भाले घेऊन माणसं उभी राहतात. आगीपासून पळणारं डुक्कर सरळ त्या बाजूने बाहेर येतं आणि लोक त्याचा चेंदा करतात. दर वर्षी करतात. कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. वामन म्हणाला, "डुकरासारखा काढा." त्याला मारायचं नव्हतं. हे मी वामनची बाजू घेऊन म्हणत नाही, रंभाबाईच म्हणाली. चार लाठ्या हाणायच्या, जीपमध्ये टाकायचा, मंगळवार उलटेपर्यंत कुठेतरी कोंडून ठेवायचा, एवढाच बेत. पण डुकराला मोकळ्या बाजूला कोण उभं आहे ते ठाऊक नसतं. माणसाला असतं. एवढी साधी गोष्ट बारा जणांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. तोडीला आलेला ऊस, महिनाभर पाणी तोडलेलं, गुडघाभर वाळकं पाचट. भडका उडाला तेव्हा कांड्या फटाक्यांसारख्या फुटायला लागल्या.

वामनने रंभाबाईला केसांना धरून चौथ्या बाजूला आणलं. "हाक मार. तुझ्या हाकेनं येईल तो."

तिने पाहिलं. समोर कुट्टीचं चाक फिरवणारा चुलतभाऊ कुऱ्हाड घेऊन उभा होता. आणि तेवढ्यात आतून आवाज आला.

"माय, येऊ का?"

"मले वाटलं," रंभाबाई मला म्हणाली, "मधून पानी द्यायचा पाट जातो. तिथं वलं असंल. पालथा पडून राहील, आग वरून निंघून जाईल. म्यां जल्मभर पाचट जाळलं, बाई. मले आग कळते. म्यां वरडली, येऊ नको! येऊ नको रे बापू!"

"मग?"

"त्यानं आइकलं."

पाट कोरडा होता. आतून एकदा नुसतं "माय" आलं, मग किंचाळी, आणि किंचाळी बरीच वेळ चालली. संध्याकाळी वाकलेला, दोरीसारखा आखडलेला तो त्यांना पाटातच सापडला. दोन बोटांची मूठ तोंडाशी. पोलिसांनी लिहिलं, ऊस जळताना अपघात. वामन तिसऱ्या दिवशी तिच्या झोपडीत एकटा आला. म्हणाला, "तोंड उघडलं तं मी बी उघडीन. पोरगा इचारत होता, माय येऊ का. मायच म्हनाली येऊ नको. सांगू गावाले, कोनी मारला?"

म्हणून अकरा वर्षं ताट आणि लुगडं.

मी तिला म्हटलं असतं की तुझी चूक नव्हती. तोंडापर्यंत आलं होतं. पण तिला माझ्याकडून समजूत नको होती. तिला दुसरंच हवं होतं, आणि ते तिने लगेच सांगितलं.

"तुमच्या गौरवले सातमीले घेऊन चाला. वामनले डाक्टर लय आवडतेत. तो त्याले माइक देईल. तीच गोष्ट सांगू द्या."

"त्याला सगळं सांगू?"

"नको. घाबरंल. मंग बरोबर नाय सांगनार."

आम्ही दोघींनी त्या पोराला फसवलं, हे खरं आहे. नंतर तो माझ्याशी पंधरा दिवस बोलला नाही, तेही बरोबर होतं.

सातमीला आम्ही त्याच्या गाडीतून गेलो. हजारेक माणूस होतं. मंडपात गार पुऱ्यांच्या टोपल्या, दहीभाताची पातेली, गुलगुल्यांचे ढीग. कुठे धूर नाही, उदबत्तीसुद्धा नाही. ओट्यावर कडूबाबाचा रंगवलेला पुतळा. पाचही बोटं शाबूत. वामन आता साठीचा, पांढरा सदरा, बोलणं तुपात घोळलेलं. परदेशात शिकलेला डॉक्टर म्हटल्यावर त्याने गौरवला हार घातला. माइकवर म्हणाला, "आपला सण चीनमध्ये बी हाय, बरं का! डाक्टरसाहेब सांगतील."

गौरवने सांगितलं. त्याला पोरं-बाया ऐकताना पाहून जोर चढला, छान सांगितलं त्याने. मांडीच्या मांसाला बायका "व माय" म्हणाल्या. राजा विसरला तिथे एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "सगळे राजे असेच." लोक हसले. मग गौरव म्हणाला, "राजाने तीन बाजूंनी आग लावली."

हसणं जिथल्या तिथे बंद पडलं. बाहेरगावच्यांना काही कळलं नाही, ते इकडेतिकडे पाहायला लागले. पण गावातली माणसं खाली पाहत होती, आणि वामनचा हात माइककडे गेला.

तेवढ्यात रंभाबाई मंचावरून उतरली. ओट्यासमोर तिने पिशवीतून तीन दगड काढून मांडले. मध्ये पाचट कोंबलं, वर काटक्या, वर पाण्याचं पातेलं. आणि काडी ओढली.

सातमीला! शीतलेच्या दिवशी! हे ज्याला कळणार नाही त्याला मी काय सांगू? बायकांनी अशी किंकाळी फोडली की लहान मुलं रडायला लागली. देवी कोपेल, गावात फोड्या येतील, पोरं जातील. कोणीतरी पुरी फेकून मारली, मग दगड. दगड तिच्या कानशिलाला लागला आणि रक्त खांद्यावर उतरलं. ती जाळ सारत राहिली.

"वामन्या!" ती ओरडली. माइक नव्हता, गरज नव्हती. "सांग या लोकायले! उसाले आग कोनी लावली? तीन बाजूंनी कोनी लावली?"

वामनचा मुलगा धर्मेंद्र धावत आला. त्याने पातेल्याला लाथ घातली. उकळायला आलेलं पाणी रंभाबाईच्या पोटरीवर सांडलं. तिने जळतं लाकूड उचललं आणि त्याच्या मनगटावर हाणलं. तो कोकलत मागे झाला. मग चौघे तिच्यावर पडले. लुगडं फाटलं, एकाने तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. गौरव मध्ये पडला तर त्याच्या तोंडावर बुक्की बसली. माझा चष्मा कोणाच्या पायाखाली गेला कोण जाणे.

"सांगते मी! तोंडात बोळा घाला तरी सांगते! जित्ता जाळला माझा पोऱ्या!"

आणि तेव्हा वामनचा तोल गेला. अकरा वर्षं जपून ठेवलेलं हत्यार त्याने उपसलं. माइक तोंडाशी धरून गरजला, "इचारा तिले! इचारा, येऊ नको कोन म्हनालं? पोरगा आतून इचारत होता, माय येऊ का, आन ही म्हनाली येऊ नको! आमी सगळ्यांनी आइकलं! सगळे तिथं उभे होतो आमी!"

भोंग्यांतून ते पार केळीच्या बागांपर्यंत गेलं असेल.

गर्दीतली एक म्हातारी बाई, बहुतेक बाहेरगावची, अगदी साधेपणाने म्हणाली, "भाऊ, तुमी तं शाहपूरच्या बाजारात होते ना?"

वामनने माइक तोंडापासून खाली घेतला.

रंभाबाई ओट्याच्या कडेला धरून उठली. एक डोळा सुजून बंद झाला होता. "हो, म्यां म्हनली," ती म्हणाली. "म्यांच म्हनली येऊ नको. त्यानं इचारलं, म्यां सांगतलं, त्यानं आइकलं. आता तू सांग, कायले सांगावं लागलं मले. तुज्या हातात काय होतं?"

आता धक्काबुक्की थांबली होती. लोटू नावाचा एक गडी, पन्नाशीचा, पंगतीत वाढणारा, हातातली दहीभाताची बादली खाली ठेवून पुढे आला. "रस्त्याकडची बाजू म्यां लावली," तो म्हणाला. "वामनभाऊनं काडेपेटी दिली. बाकीच्या दोन..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही. धर्मेंद्रने माइकची लोखंडी दांडी उपटून त्याच्या डोक्यात घातली. लोटू दहीभातात कोसळला आणि पांढऱ्यात लाल पसरलं. ते पाहून जी गर्दी आत्तापर्यंत रंभाबाईवर धावत होती तीच मंचाकडे वळली. लोकांचं काय बिनसतं आणि कधी, हे मी चाळीस वर्षं इतिहास शिकवूनही सांगू शकणार नाही. मंडपाचे खांब उखडले. वामनच्या चुलतभावांना त्याच खांबांनी बडवलं. एकाचा जबडा फुटला. हा तो कुट्टीवाला होता की दुसरा, हे मी कोणाला विचारलं नाही. वामनला त्याच्याच माणसांनी उचलून जीपमध्ये कोंबलं तेव्हा त्याचे दात त्याच्या सदऱ्यावर होते. पुतळ्याचं डोकं कोणीतरी उडवलं. आणि त्या सगळ्या धुमाळीत तीन दगडांतला जाळ कोणी विझवला नाही. सातमीला जाळाला हात लावणार कोण?

पोलीस तासाभराने आले.

लोटू वाचला. सोळा टाके. आता त्याला एका कानाने ऐकू येत नाही, पण त्याने साक्ष बदललेली नाही, अजून तरी. गौरवने रंभाबाईची पोटरी गाडीतच धुतली, कातडी सोलून निघत होती आणि तो रडत होता, शिव्याही देत होता, मला आणि तिला दोघींना. "मौसी, मर जाती तो?"

"मेली असती तं गोष्ट तू सांगतली असती," ती म्हणाली. "आता तुले बी ठाव हाय."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात बयाण. ठाणेदार तरुण होता, बोलायला बरा. कागदावर हिंदीतून लिहीत होता. आगीपर्यंत सगळं भराभर उतरवलं. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"अम्मा, वो बात रहने दो. जो तुमने आवाज़ लगाई थी. बचाव का वकील उसी पर तुम्हें पकड़ेगा. कहेगा, माँ ने ही रोका."

मलाही ते पटलं. मी तिला म्हणालेही, "रंभाबाई, बरोबर सांगतायत ते. केस कच्ची होईल. नको लिहवूस."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या बाजूची आहे की वामनच्या, हे तिला ठरवायचं होतं.

"वामननं त्याची गोष्ट अर्धी सांगतली," ती म्हणाली. "म्यां बी अर्धीच सांगू? लिहा, साहेब."

ठाणेदाराने लिहिलं आणि वाचून दाखवलं. मैंने आवाज़ दी कि मत आ.

"असं नाय. पैले त्यानं इचारलं. ते पैले येऊ द्या."

त्याने खोडलं. नवीन कागद घेतला. लड़के ने अंदर से पूछा, माँ, आ जाऊँ. सामने कुल्हाड़ी लेकर लोग खड़े थे. मैंने कहा, मत आ. लड़के ने मेरी बात मानी.

"परत वाचा."

त्याने परत वाचलं.

"कोर्टात हे मोठ्यानं वाचतेत का?"

"पढ़ते हैं, अम्मा. सबके सामने."

"मंग ठीक," रंभाबाई म्हणाली, आणि अंगठ्याला शाई लावायला हात पुढे केला.